मोनेची छत्रीवाली बाई (१८७५): चेहरा नंतर, आधी उजेड कुठून येतोय ते पाहू

सावलीरेघ

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं छत्री घेतलेल्या बाईचं चित्र आपण सगळ्यांनी कॅलेंडरवर, वहीच्या पुठ्ठ्यावर, कपावर पाहिलेलं असतं. टेकाडावर उभी बाई, हातात छत्री, मागे निळं-पांढरं आकाश, थोडं पलीकडे एक लहान मुलगा. इतकं ओळखीचं झाल्यामुळे "छान आहे" म्हणून आपण पुढे सरकतो. हा चर्चेचा धागा तिथेच थांबून ते चित्र नीट वाचण्यासाठी आहे.

आधी माहिती. कॅनव्हासवर तैलरंग, १०० × ८१ सेंमी, म्हणजे उंचीला साधारण सव्वातीन फूट. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. १९८३ साली पॉल मेलन दांपत्याने ते तिथे दिलं. बाई म्हणजे मोनेची बायको कामीय, मुलगा त्यांचा थोरला झाँ, तेव्हा सात-आठ वर्षांचा. जागा पॅरिसजवळचं, सेन नदीकाठचं आर्जाँतॉय. १८७६च्या एप्रिलमध्ये इम्प्रेशनिस्ट मंडळींचं, म्हणजे मोने आणि त्याच्या साथीच्या चित्रकारांचं, दुसरं प्रदर्शन भरलं, तिथे मोनेने हे 'ला प्रॉमनाद' या नावाने लावलं. प्रॉमनाद म्हणजे फेरफटका. बायकोचं नाव त्याने शीर्षकात घातलंच नव्हतं, हे लक्षात असू द्या.

आता वाचन. माझं म्हणणं एवढंच की चेहऱ्यापासून सुरुवात करू नका, सावलीपासून करा. खालच्या गवतात एक गडद पट्टा आपल्याच दिशेने पसरलेला दिसतो. सावली आपल्याकडे येते म्हणजे सूर्य बाईच्या मागे. म्हणजे तिची आपल्याकडची बाजू, चेहरा, छाती, झग्याचा पुढचा घेर, हे सगळं सावलीत आहे. एवढं एक कळलं की चित्र एकदम वेगळं दिसू लागतं. ज्याला आपण 'पांढरा झगा' म्हणत होतो त्यात खरा पांढरा फक्त कडेला आहे: पाठीवरच्या कापडावर आणि छत्रीच्या वरच्या काठावर, जिथे ऊन थेट पडतं. बाकी झगा निळसर, राखाडी, जांभळट आणि खाली पिवळसर आहे.

हे रंग कुठून आले? सावलीत सूर्य पोचत नाही, आकाश पोचतं. वरून आणि समोरून येणारा आकाशाचा उजेड निळा, म्हणून झग्याच्या ज्या घड्या आकाशाकडे वळल्यात त्या निळ्या. ज्या घड्या जमिनीकडे वळल्यात त्यांना उन्हातल्या गवताचा आणि पिवळ्या रानफुलांचा उजेड खालून लागतो, म्हणून तिथे पिवळं. छत्रीची आतली बाजू हिरवी. एकाच झग्यावर तीन दिशांचा उजेड आहे, आणि कुठला कुठे पडतो ते त्याने गोंधळ न करता मांडलंय. 'झटपट मारलेले फटकारे' म्हणून याची ओळख करून दिली जाते. फटकारे झटपट आहेतच, पण त्यामागचा हिशेब फार काटेकोर आहे.

गेरू

उत्तम धागा. दृष्टिकोनाबद्दल भर घालतो.

आपण बाईकडे खालून वर पाहतोय. आपले डोळे टेकाडाच्या माथ्याच्याही खाली आहेत. म्हणून क्षितिज दिसत नाही, गवताची कड हेच क्षितिज होतं, आणि ती कड बरीच खाली असल्यामुळे जवळपास पूर्ण बाई आकाशासमोर येते. झाँ फक्त कमरेपर्यंत दिसतो कारण तो माथ्याच्या पलीकडच्या उतारावर आहे. रस्ता नाही, झाडांची रांग नाही, लहान होत जाणारे खांब नाहीत, तरी खोली दिसते. ती या एका अर्ध्याच दिसणाऱ्या मुलामुळे दिसते. बोटाने झाँला झाकून बघा, टेकाड लगेच सपाट होतं आणि बाई पडद्यासमोर उभी केल्यासारखी वाटते.

कॅनव्हासच्या मापातही एक गंमत आहे. १०० × ८१ हे फ्रान्समध्ये तयार मिळणारं '४० नंबर, फिगर' माप. तिथे तयार कॅनव्हास फिगर, निसर्गचित्र आणि समुद्रचित्र अशा तीन प्रमाणांत मिळत. मोनेने माप व्यक्तिचित्राचं घेतलं आणि माणसाला वागणूक निसर्गचित्राची दिली.

निळावंती

मला तिच्या चेहऱ्यावरची जाळी अस्वस्थ करते. टोपीची तलम जाळी वाऱ्याने चेहऱ्यावरून ओढली गेलीय, डोळे नीट दिसत नाहीत, ती वळून बघते पण आपल्यापर्यंत पोचत नाही. चारच वर्षांनी, ५ सप्टेंबर १८७९ला, ती गेली. वय ३२. मोनेने मृत्युशय्येवरच्या कामीयचंही चित्र काढलंय, आणि त्यातही चेहऱ्याभोवती जाळीसारखेच फटकारे आहेत. १८७५चं चित्र बघताना हे मनातून काढून टाकावं असं मला वाटत नाही.

बोरू

@निळावंती, दोन चित्रं शेजारी ठेवून तुम्हाला जे वाटतं ते खरंच आहे, पण ते १८७९च्या चित्राबद्दल खरं आहे. १८७५च्या चित्रात घालू नये. जाळीचं काम आधी साधेपणाने पाहा. वारा कसा दाखवायचा हा चित्रकाराचा प्रश्न आहे, आणि वाऱ्याला स्वतःचा रंग नसतो. म्हणून तो हलणाऱ्या गोष्टींतून दाखवावा लागतो: जाळी, झग्याचा घोळ, गवत, ढग. या चारही ठिकाणी फटकाऱ्यांची दिशा बघा. झग्याच्या घड्या पिळल्यासारख्या फिरतात, गवताचे तिरके, ढगांचे आडवे-तिरके लांब हात. एकट्या जाळीवर शोक ठेवला तर उरलेल्या तीन ठिकाणांचं काय करायचं?

आणि मोने त्या काळात चेहरा पूर्ण करू शकत नव्हता असंही नाही. याच १८७६च्या प्रदर्शनात त्याने 'ला जापोनेझ' लावलं होतं. तीच कामीय, लाल किमोनोत, हातात पंखा, जवळपास साडेसात फूट उंच कॅनव्हास. तिथे चेहरा स्वच्छ, हसरा, रेखीव आहे. खोलीतल्या उजेडात चेहरा रेखला आणि उन्हाच्या विरुद्ध दिशेने पाहताना रेखला नाही. मागून ऊन आणि भोवती लख्ख आकाश असेल तर समोरच्याचा चेहरा आपल्यालाही असाच अर्धवट दिसतो. दुपारी समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाकडे बघा.

निळावंती

'ला जापोनेझ'चा मुद्दा पटला, ते एकाच प्रदर्शनात होतं हे माहीत नव्हतं. तरी एक सोडत नाही. ती आपल्याकडे वळलीय. नुसता निसर्गाचा भाग असती तर वळायची गरज नव्हती. नवऱ्याने हाक मारावी आणि तिने चालता चालता मागे बघावं, असा तो क्षण आहे. शोक म्हणू नका, पण नातं आहे.

बोरू

हे मान्य. झाँसुद्धा इकडेच बघतोय. 'फेरफटका' या नावातही तेच येतं.

सावलीरेघ

या मुद्द्यावर १८८६ची दोन चित्रं आणायलाच हवीत. पॅरिसच्या म्युझे दॉर्सेमध्ये आहेत, प्रत्येकी साधारण १३१ × ८८ सेंमी. एकात बाई डावीकडे वळलेली, दुसऱ्यात उजवीकडे. मॉडेल सुझान होशडे, म्हणजे अलिसची मुलगी. या अलिसशी मोनेने पुढे १८९२ साली लग्न केलं. तसंच टेकाड, तसाच वारा, तशीच छत्री, पण चेहरा जवळजवळ पुसलेला. मुलगा नाही, मागे वळून बघणं नाही. त्यांचं नावच 'उघड्यावरच्या आकृतीचा प्रयत्न' अशा अर्थाचं आहे. आकृती निसर्गचित्रासारखीच रंगवायची असं तेव्हा मोनेने ठरवलेलं होतं आणि तसं त्याने त्या सुमारास पत्रातही लिहिलं. तिन्ही चित्रं एका ओळीत लावली की निळावंती म्हणतात ते नातं नेमकं कुठे होतं ते कळतं: १८७५मध्ये आहे, १८८६मध्ये काढून टाकलंय.

पाणरंग

रंगांबद्दल थोडं खोलात जाऊ का? सावली निळी दिसणं ही कल्पना नाही, मोजता येणारी गोष्ट आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. दुपारच्या थेट उन्हाचं रंगतापमान साडेपाच हजार केल्विनच्या आसपास असतं, स्वच्छ निळ्या आकाशाच्या उजेडाचं दहा हजारांच्या वर जातं. म्हणजे सावलीतल्या कापडावर पडणारा उजेड उन्हातल्यापेक्षा खूप निळा असतो. आपला मेंदू हा फरक वजा करून 'कापड पांढरं आहे' असं सांगतो. मोनेने ते वजा करणं थांबवलं.

त्यात शेव्हरलचा भाग येतो. मिशेल-उजेन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ, पॅरिसच्या गोब्लॅं विणकामशाळेच्या रंगखात्याचा प्रमुख. काळा धागा फिका दिसतो अशी तिथे तक्रार यायची. दोष धाग्याच्या रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यात होता. १८३९ साली त्याने रंगांच्या एकाच वेळच्या विरोधाचा नियम मांडला: शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला रंगचक्र पाठ करून घेतात, पिवळा-जांभळा, निळा-नारिंगी, लाल-हिरवा. तेच इथे कामाला लागलंय. झग्याच्या खालच्या भागात पिवळ्याशेजारी जांभळट राखाडी आहे. ती राखाडी वेगळी काढून पांढऱ्या कागदावर लावली तर तितकी जांभळी दिसणार नाही. पिवळ्याने तिला तिकडे ढकललंय.

साधनंही तेव्हाच हाताशी आली होती. जॉन रँडची पिळायची कथलाची ट्यूब १८४१ची, त्यामुळे रंग शेतात नेणं सोपं झालं. कोबाल्ट निळा १८०२पासून, स्वस्त कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८पासून, व्हिरिडियन हिरव्याचं पेटंट १८५९चं. पुढे १९०५ साली मोनेने आपले रंग एका पत्रात सांगितलेत: शिशाचा पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन (शेंदरी लाल), गडद मॅडर (किरमिजी लाल), कोबाल्ट निळा, हिरवा. काळा त्या यादीत नाही.

गेरू

@पाणरंग, ती यादी १९०५ची आहे, या चित्रानंतर ३० वर्षांनी. १८७५च्या चित्रात नेमके तेच रंग आहेत असं त्यावरून धरू नये. दिशा कळते, एवढंच.

पाणरंग

बरोबर, तसं धरू नये.

सावंतवाडीकर

मी निसर्गचित्रं करतो, म्हणून विचारतो. हे सगळं नुसतं वाचून डोळ्यात बसत नाही. स्वतः करून बघायला सोपा प्रयोग आहे का?

सावलीरेघ

आहे. तो कॅनव्हासशिवाय सुरू होतो.

सकाळी ९ ते १० किंवा दुपारी ४च्या सुमारास पांढरा सुती सदरा किंवा चादर दोरीवर वाळत घाला, सूर्य कापडाच्या मागे येईल अशी. तुमच्या भागात अंगण जांभ्याचं किंवा मातीचं असेल तर फारच उत्तम. एका पुठ्ठ्याला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा आणि हात लांब करून त्यातून कापडाचे तुकडे एकेक बघा. भोकातून बघितलं की 'ही चादर आहे' हे मेंदूला कळत नाही आणि रंग उघडा पडतो. वरच्या घडीत निळसर राखाडी, खालच्या काठाजवळ मातीचा तांबूस-नारिंगी, कडेला जिथे ऊन कापडातून आरपार येतं तिथे उबदार पिवळट. गवतावर हाच प्रयोग केला तर खालचा काठ हिरवट-पिवळा येतो. पावसाळा संपताना, सडे (कोकणातले कातळाचे माळ) हिरवे असताना आणि ऊन पडू लागल्यावर, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं, कारण हवा धुतलेली असते आणि आकाश खोल निळं.

नंतर त्याच जागी हिरवी छत्री उघडून कापडावर धरा. छत्रीतून गाळून आलेला हिरवा उजेड कापडावर किती पसरतो आणि कुठे संपतो ते पाहा. मोनेच्या छत्रीचा हिरवा कपडा आणि खालचं हिरवं गवत यांच्यामध्ये बाई कशी पकडलीय ते यातून समजेल.

ऑकर

रंगवायला बसणाऱ्यांसाठी पुढचं.

१२ × १६ इंचाचा कॅनव्हास बोर्ड पुरे. आधी फिकट राखाडी किंवा फिकट बदामी पातळ थर द्या आणि वाळू द्या. कोऱ्या पांढऱ्यावर बसलात तर पहिला प्रत्येक रंग गडद वाटतो आणि तुम्ही पांढरा ओतत राहता. चपटे केसाळ ब्रश ६ आणि १० नंबर, एक बारीक. रंग सातच: टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम लेमन, यलो ऑकर, कॅडमियम रेड, क्रिमसन, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन. काळी ट्यूब घरी ठेवा.

झग्याच्या सावलीसाठी अंदाजे ६ भाग पांढरा, १ भाग अल्ट्रामरीन आणि क्रिमसनचं अगदी ब्रशच्या टोकावरचं. एवढ्याने जांभळट येईल, तो ऑकरच्या कणभराने शांत करा. परावर्तित पिवळ्यासाठी याच मिश्रणात लेमन घालू नका, चिखल होतो. पांढरा + ऑकर + लेमन वेगळं करून ओल्या निळ्यावर एका फटक्यात ठेवा आणि ब्रश उचला. दुसऱ्यांदा त्यावर फिरवला की दोन्ही रंग मेले. लगेच ब्रश पुसायचा, मगच पुढचा फटका. सगळ्यात जास्त चित्रं इथेच बिघडतात.

दुसरी हमखास चूक म्हणजे सावली फार काळी करणं. मोकळ्या आकाशाखालची सावली उजळ असते. डोळे अर्धे मिटून बघा: सावलीतला पांढरा कपडा उन्हातल्या गवताच्या किती जवळ जातो ते तपासा. तिसरी चूक, खरा पांढरा सुरुवातीलाच वापरून टाकणं. तो शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवायचा, फक्त उन्हाच्या कडेसाठी.

वेळेचं गणित कडक आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. तासाभरात जमिनीवरची सावली ओळखू येईल इतकी हलते. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत सावलीची बाहेरची रेघ पक्की करा आणि नंतर तिला हात लावू नका. ती सरकली तरी चित्रात सरकवू नका. मोनेने हे चित्र काही तासांच्या एकाच बैठकीत केलं असावं असं मानतात, आणि त्यातले ओल्यावर ओले, म्हणजे आधीचा रंग वाळण्यापूर्वीच मारलेले, फटकारे त्याला पूरक आहेत.

ॲक्रिलिकने करणार असाल तर आपल्या उन्हात पॅलेटवरचा रंग काही मिनिटांत सुकू लागतो, ओल्यावर ओलं जमत नाही. रिटार्डर (रंग उशिरा वाळवणारं द्रव्य) घाला किंवा सरळ तैलरंग घ्या.

निळावंती

फोनवर बघताना मला एका प्रतीत आकाश हिरवट दिसतं, दुसरीत गर्द निळं. मग कुठल्या रंगावरून बोलायचं?

पाणरंग

संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा उतरवा, ती मोफत आहे आणि तिथे रंग जपून घेतलेले असतात. इतरत्र फिरणाऱ्या प्रतींत भडकपणा वाढवलेला असतो. फोनचा 'व्हिव्हिड' मोड आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा. त्यानंतर तीच प्रतिमा एकदा कृष्णधवल करून बघा. रंग गेल्यावर आकाशासमोर बाईचा चेहरा आणि झग्याचा पुढचा भाग किती गडद आहे ते उघड होतं. रंगीत पाहताना आपल्याला ती पांढरीशुभ्र वाटते, प्रत्यक्षात ढग तिच्याहून उजळ आहेत.

बोरू

हे करून बघितलं, फरक मोठा आहे. छत्रीच्या वरच्या काठाजवळ आणि पाठीमागच्या कापडाजवळ कडा ढगात विरघळते, ते कृष्णधवलमध्ये चांगलं कळतं.

१८७६मध्ये लोकांना हे का झोंबलं तेही यातून समजतं. याच दुसऱ्या प्रदर्शनात मोनेच्या साथीच्या रेन्वार या चित्रकाराचं उन्हातल्या स्त्रीच्या धडाचं चित्र होतं, पानांतून झिरपलेला उजेड अंगावर हिरवे-जांभळे ठिपके पाडतोय असं. 'फिगारो' या वर्तमानपत्रात समीक्षक आल्बेर वोल्फने त्यावर तुटून पडत ते ठिपके कुजलेल्या मांसाचे ठरवले. सावलीला रंग असतो हे कातडीवर दाखवलं की लोकांना सहन होत नव्हतं. कापडावर दाखवलेलं त्यामानाने पचलं.

गेरू

कापडावरचं तरी लगेच कुठे पचलं? मोनेचं 'बागेतल्या बायका' १८६७च्या सालोंने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने, नाकारलं. अडीच मीटरहून उंच कॅनव्हास. वरच्या भागात हात पोचावा म्हणून मोने बागेत चर खणून कॅनव्हास त्यात खाली सोडायचा. त्यातही कामीय मॉडेल, त्यातही पांढरे झगे, वाटेवर आणि झग्यावर निळी-जांभळी सावली. पण ते हिवाळ्यात घरात बसून पूर्ण केलं, आणि आकृत्या कापून चिकटवल्यासारख्या थोड्या घट्ट वाटतात. १८७५मध्ये कॅनव्हास एवढा घेतला की एका बैठकीत हातात मावेल. आकार कमी केला आणि कडा सुटल्या.

सावंतवाडीकर

पुठ्ठ्याच्या भोकातून चादर बघितली. जांभ्याच्या अंगणावर खालचा काठ चक्क नारिंगी आहे. इतकी वर्षं मी तो राखाडी रंगवत होतो. एक शंका: कॅनव्हास उन्हात ठेवू की सावलीत?

ऑकर

सावलीत. कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही एकाच सावलीत. उन्हात ठेवलात तर कॅनव्हास इतका उजळ दिसतो की तुम्ही रंग गडद मिसळत जाता, आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. छत्री वापरत असाल तर पांढरी किंवा राखाडी घ्या. रंगीत छत्रीतून येणारा उजेड पॅलेटवर पडतो, आणि तुम्ही मिसळलेला प्रत्येक रंग तेवढा चुकतो.